घरबसल्या : किंमत सांगताना जीभ का अडखळते?

"ही गोधडी कुणी शिवली हो?" असं विचारलं, की बाई हसत पुढे येते. "केवढ्याला द्याल?" असं विचारलं, की तीच बाई पदराचं टोक चाळवत म्हणते, "द्या तुम्हाला वाटेल ते!"

आजचं आपलं पान या 'वाटेल ते'बद्दल आहे. विणकाम, भरतकाम, तोरणं, रुखवताच्या वस्तू, बाळंतविडा यांतलं काही ना काही आपल्यापैकी पुष्कळजणींना उत्तम येतं. हाताला कला आहे, घरात निवांत दुपार आहे, चार पैशांची गरजही आहे. मग घोडं अडतं कुठे? बहुतेक वेळा ते किमतीशीच अडतं.

माझी मावसबहीण आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळला दिली आहे. हुतात्मा बाबू गेनू सैद यांचं हे गाव. मुंबईला कापड गिरणीत राबणारा हा अवघा 22 वर्षांचा तरुण 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेल्या ट्रकसमोर आडवा झाला आणि त्या ट्रकखाली त्याचा जीव गेला. डिंभे धरणाच्या जलाशयालाही त्यांचंच नाव दिलं आहे. तर अशा गावात, दिवाळीनंतर मी चार दिवस राहायला गेले होते, आणि गप्पा निघाल्या त्याही कापडाच्याच.

अक्काची, म्हणजे माझ्या मावसबहिणीची सून गोधड्या शिवते. आपण तिला सूनबाईच म्हणू या. तिचा धावदोरा असा सरळ, की फूटपट्टी ठेवून मारल्यासारखा. थोरली लेक बारावीला आहे. पुढे नर्सिंगला जायचं म्हणते. घरच्यांचं म्हणणं, "बघू पुढचं पुढे." या 'बघू'चा अर्थ सूनबाईला बरोबर कळतो, कारण तिच्या वेळीही असंच 'बघू' म्हटलं होतं आणि बारावीनंतर लग्न लागलं होतं. लेकीच्या फीचा निदान काही भाग आपल्या हातचा असावा, म्हणजे त्या बोलण्यात आपल्यालाही जागा मिळेल, एवढंच तिचं मागणं.

म्हणून तिने तान्ह्या बाळांसाठी गोधडीच्या टाक्याची दुपटी शिवायला घेतली. पाच शिवली, पाचही विकली. "मावशी, एकाला 400 आले. तीनशेचं सामान होतं. शंभर सुटले!" ती आनंदाने म्हणाली.

"आणि एकाला वेळ किती लागला?" मी विचारलं.

ती गप्प झाली. वेळ कुणी मोजतं का? भांडी झाल्यावर तासभर, दुपारी डोळा लागायच्या आत तासभर, रात्री टीव्हीसमोर बसल्या बसल्या. मग आम्ही दोघींनी बसून मोजला. तिचा तो हिशेब आज तुमच्यासमोर मांडते, कारण थोड्याफार फरकाने तो तुमचाही आहे.

आधी दुपटं कसं होतं ते पाहू

साहित्य : वरच्या बाजूला फुलाफुलांचं मऊ सुती कापड 1 मीटर, खालच्या बाजूला फिकं सुती कापड 1 मीटर, आत घालायला मलमलीचे दोन थर, गोधडीचा सुती दोरा, लांब सुई.

कृती : कापड आणलं की लगेच कात्री लावू नका. आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. त्याने खळ निघते आणि आटायचं ते कापड आधीच आटतं. गडद रंगाचा तुकडा वेगळा भिजवा. मग ओल्या तुकड्यावर पांढरा रुमाल घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळाच्या वस्तूला घ्यायचं नाही, मग नक्षी कितीही गोड असो. कापड वाळवून इस्त्री करा. चौकोन कापा, साधारण 95 सेंटिमीटरचा. चारही थर सतरंजीवर पसरून, मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर कच्चा दोरा घाला. या कच्च्या दोऱ्याचा कंटाळा करू नका, नाहीतर शेवटी एका कोपऱ्यात आतले थर गोळा होतात. कडा आत दुमडून घ्या आणि एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करा. कडेने फिरत फिरत, दोन बोटांचं अंतर ठेवत, मध्यापर्यंत या. गाठ प्रत्येक वेळी थरांच्या आत दडवा. बाळाच्या कातडीला ती टोचते. मणी, टिकल्या, बटणं अजिबात नकोत, बाळ ती तोंडात घालतं. शेवटी सुया मोजून ठेवा. जेवढ्या काढल्या होत्या तेवढ्या डबीत परत आल्याच पाहिजेत.

दोन बोटं म्हणजे साधारण 3 सेंटिमीटर. या अंतराने फिरत मध्यावर येईपर्यंत जवळजवळ 32 मीटर धावदोरा होतो. सूनबाईचा हात चलाख आहे, तरी एका मीटरला पाव तास लागतोच. म्हणजे टाक्याला 8 तास आणि कापणं, पसरणं, कच्चा दोरा यांना तासभर. एकूण 9 तास.

शंभर रुपये सुटले ते 9 तासांचे! म्हणजे तासाला 11 रुपये. सूनबाई बोटांवर मोजत राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, खुरपायला गेले असते तरी बरं होतं की."

तेही शंभर खरे नव्हते. आतले थर तिने सासूच्या जुन्या लुगड्यांचे घातले होते आणि ते 'फुकट' धरले होते. पण लुगडी काही झाडाला लागत नाहीत. पाच दुपट्यांत ट्रंक रिकामी झाली. सहाव्या दुपट्याला मलमल विकत आणायचीच होती. शिवाय परक्याच्या बाळासाठी विकायच्या वस्तूत आपल्या घरचं जुनेर घालणंही बरं नव्हे. घरच्या नातवाची गोष्ट निराळी.

आता खरा हिशेब

वही घ्या. मी लिहिते ते आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमच्या बाजारात जो भाव असेल तो तुम्ही घाला.

वरचं-खालचं कापड 2 मीटर, दर 140 : 280 रुपये
आतली मलमल 2 मीटर, दर 70 : 140 रुपये
दोरा आणि सुई : 20 रुपये
पिशवी आणि चिठ्ठी : 15 रुपये
सामानाची बेरीज : 455 रुपये

आता तुमची मजुरी. तुमच्या शिवारात बाईमाणसाला जो रोज मिळतो तो धरा. समजा 8 तासांचे 400 रुपये, म्हणजे तासाला 50. नऊ तासांचे झाले 450. सामान 455 आणि मजुरी 450 मिळून 905.

एवढ्यावर थांबायचं नाही. कापड आणायला एसटीचं भाडं लागतं, रात्री दिवा जळतो, कात्रीला धार लावावी लागते, एखादं दुपटं डाग पडून वाया जातं. त्यासाठी शेकडा 10 धरा. 905 चे साधारण 995 झाले. त्यावर शेकडा 15 धंद्याचा वाटा. हा तुमचा हातखर्च नव्हे. पुढच्या खेपेचं कापड उधारीवर आणायला लागू नये म्हणून हा बाजूला ठेवायचा. 995 चे झाले 1,144 आणि काही पैसे. आपण 1,150 म्हणू.

चारशेचं दुपटं 1,150 चं आहे! मी आकडा मोठ्याने वाचला, तशी अक्का आतून म्हणाली, "अगं बाई, एवढ्यात तर नवं ब्लँकेट येईल!"

खरंच येईल. त्याहून कमीतही येईल. आणि इथेच आपल्या बाया खचतात. म्हणून इथे थोडं थांबून विचार करू.

यंत्राशी भावात स्पर्धा नको

शेजारच्या जुन्नरचं उदाहरण घ्या. एके काळी जुन्नरचा हातकागद नावाजलेला होता. पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई. पुढे गिरणीचा कागद आला, स्वस्त आला, आणि हातकागदाचा तो धंदा मागे पडला. लिहायच्या साध्या कागदात हाताने यंत्राशी भाव लावणं शक्यच नव्हतं. मग 1940 साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. हातकागदाची भेटकार्डं, वह्या, पिशव्या, फायली असं आज जे दिसतं, त्याचं गिऱ्हाईक निराळं आहे. त्याला नुसता कागद नको असतो, हातचाच कागद हवा असतो.

आपल्या गोधडीचंही तेच आहे. ज्या बाईला फक्त ऊब हवी आहे, ती ब्लँकेट घेईल आणि तिने ते खुशाल घ्यावं. तिच्यासाठी तुम्ही 1,150 चे 400 केलेत, तर ब्लँकेटवाल्याचं काही बिघडत नाही, तुमचे मात्र 9 तास जातात. ज्या बाईला सुती, मऊ, धुऊन धुऊन आणखी मऊ होणारं, हातचं हवं आहे, ती आपलं गिऱ्हाईक. ती गल्लीत भेटेलच असं नाही. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या घरांत ती जास्त भेटते. आणि आंबेगाव-जुन्नरकडचं असं एकही घर नसेल ज्यातलं कुणी पुण्या-मुंबईला नाही! पहिलं गिऱ्हाईक त्या नात्यांतूनच शोधा.

"महाग आहे हो," असं कुणी म्हटलं तर? भाव उतरवू नका, काम उतरवा. "ताई, दोन बोटांऐवजी चार बोटांवर टाका घातला तर आठातले चार तास वाचतील. तेवढे पैसे कमी होतील. तसं देऊ?" असं विचारा. त्याने दोन गोष्टी होतात. गिऱ्हाइकाला कळतं की पैसे टाक्याचे आहेत, आणि तुमचा शब्दही खाली पडत नाही. एकदा भाव पाडला की पुढच्या वेळी ती त्याच्याही खालून सुरुवात करते. बाजारात आपणही कोथिंबिरीच्या जुडीला हेच करतो की नाही?

भांडवल नाही? मग कापड गिऱ्हाइकाचं, हात आपला

सूनबाईने पुढचा प्रश्न केला, "मावशी, दहा दुपट्यांच्या सामानालाच साडेचार हजार लागतील. आणू कुठून?"

तर आणूच नका. घरोघरच्या कपाटांत आईच्या, आजीच्या साड्या पडून आहेत. नेसवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. त्या साड्यांची गोधडी करून द्यायची. कापड त्यांचं, दोरा आणि हात तुमचा. 7 फूट बाय 5 फुटांची गोधडी धरली, तर त्याच दोन बोटांच्या अंतराने सुमारे 105 मीटर धावदोरा होतो. थर जाड म्हणून मीटरला 20 मिनिटं धरा. 35 तास टाक्याला आणि 5 तास तयारीला, म्हणजे 40 तास. मजुरी 2,000, दोरा 100. वर तेच शेकडा 10 आणि त्यावर शेकडा 15. आकडा येतो साधारण 2,650. यात तुमच्या खिशातून आधी जातात ते फक्त दोऱ्याचे पैसे.

मात्र अशा कामात जबाबदारी मोठी. ती साडी पुन्हा बाजारात मिळत नाही. घेतानाच गिऱ्हाइकासमोर उलगडून पाहा. कुठे विरली आहे, कुठे डाग आहे, ते वहीत लिहून ठेवा आणि फोटो काढून ठेवा. जर, खडी आणि नायलॉन यांना आधीच नम्रपणे नाही म्हणा. कापायच्या आधी "काठ कुठे हवा?" हे विचारा. आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. आगाऊ मागायला लाजायचं नाही. शिंपीसुद्धा मागतो.

माझी एक फजिती

हे सगळं मी फार शहाणी म्हणून सांगत नाही. लग्नानंतर काही वर्षांनी मी क्रोशाची तोरणं करत असे. एका दुकानात बारा तोरणं ठेवली. दुकान कुठलं ते विचारू नका. "विकली की पैसे," एवढंच तोंडी बोलणं. चार महिन्यांनी गेले तर पाच तोरणं धूळ खात परत मिळाली, चारांचे पैसे मिळाले आणि तिनांचा पत्ताच नव्हता. "तुम्ही नऊच दिली होती," असं ऐकून घेऊन, पिशवी काखोटीला मारून मी परत आले. माझ्याकडे चिठोरंसुद्धा नव्हतं. वाईट कसलं वाटलं सांगू? पैशांचं वाटलंच, पण घरी "मी म्हटलं नव्हतं?" हे ऐकायला लागलं त्याचं जास्त वाटलं. त्यानंतर दोन वर्षं मी सुई हातात धरली नाही.

म्हणून दुकानात माल ठेवताना कार्बन घालून दोन प्रती लिहा : वस्तू किती, कुठल्या, भाव काय, दुकानदाराचा वाटा किती, हिशेब कुठल्या तारखेला. दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा. ज्याला सही करायला जड जातं, त्याच्याकडे माल ठेवायचा नाही.

आणि दुकानदाराचा वाटा कसा धरायचा ते नीट पाहा, कारण इथे भलेभले चुकतात. समजा तो शेकडा 30 घेतो. तुम्ही 1,150 वर 30 टक्के चढवून 1,495 किंमत लावली. पण तो 30 टक्के काढतो 1,495 वर! त्याचे होतात 448 आणि तुमच्या हातात येतात 1,047. धंद्याच्या वाट्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग गेला. बरोबर रीत अशी : आपल्याला हवेत 1,150, आणि ते विक्रीच्या किमतीचे शेकडा 70 आहेत. 1,150 ला 70 ने भागा आणि 100 ने गुणा. आले 1,643. म्हणजे दुकानात किंमत 1,640 च्या आसपास लागली पाहिजे. आणि तुम्ही घरून कुणाला थेट विकलंत, तर दुकानाच्या भावाच्या फार खाली जाऊ नका. नाहीतर तो दुकानदार पुढच्या वेळी दारात उभा करणार नाही.

सातजणींचे 80 रुपये

हिशेबाचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. तर मुंबईच्या गिरगावातली गोष्ट आठवा. 15 मार्च 1959 रोजी सातजणी गच्चीवर जमल्या, 80 रुपये उसने घेतले आणि पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आज तो 'लिज्जत' साऱ्या देशाला माहीत आहे. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पापड तर घरोघरी लाटत होते. यांचं वेगळेपण दोन गोष्टींत होतं. पाकीट कुठलंही उघडा, पापड सारखाच निघायचा, आणि पैशापैशाचा हिशेब वहीत असायचा. आपल्या दुपट्याचंही तसंच हवं. पहिलं बारीक टाक्याचं आणि पाचवं उरकून टाकलेलं, असं चालायचं नाही.

कागदपत्रं आणि पैसे

याची उगाच धास्ती घेऊ नका.

उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि तिला सरकारी फी नाही. सरकारी फी आहे असं सांगून कुणी पैसे मागितले, तर तिथून उठा.

जीएसटीची भीती मनातून काढा. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या वर जाईपर्यंत त्या नोंदणीची सक्ती नाही. तेवढी उलाढाल झाली, तर मला पेढे पाठवा!

कर्जाची घाई नको. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. पण पहिल्या दहा वस्तू विकून त्यांचा हिशेब वहीत येईपर्यंत बँकेची पायरी चढू नका. हप्ता दर महिन्याला येतो, गिऱ्हाईक दर महिन्याला येतंच असं नाही.

गावात 'उमेद'चा किंवा 'माविम'चा बचत गट असेल, तर त्यात जा. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, 1975 सालापासून हेच काम करतं. गटातून प्रदर्शनात जागा मिळू शकते. मुंबईतलं 'महालक्ष्मी सरस' तर गटांच्याच मालाचं. शिवण-विपणनाचं शिक्षण हवं असेल, तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, जिला 'आरसेटी' म्हणतात, ते विनामूल्य मिळतं. बँकेत चौकशी करा.

खातं तुमच्या एकटीच्या नावावर हवं आणि ते धंद्यापुरतंच हवं. घरखर्चात मिसळलेला नफा कधी दिसत नाही, आणि जो दिसत नाही तो घरच्यांना पटत नाही.

मोबाइलवर पैसे घेताना एक पक्कं लक्षात ठेवा : पैसे मिळण्यासाठी आपला पिन कधीही टाकावा लागत नाही. "ताई, पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका," असं कुणी म्हणालं की फोन बंद करायचा.

वस्तूचा फोटो सकाळच्या उजेडात, ओट्यावर पांढरी चादर पसरून काढा. एक पूर्ण वस्तूचा आणि एक टाक्याचा, अगदी जवळून. तुमचा टाकाच तुमची जाहिरात करतो. 'स्वदेशी आहे, घ्या,' 'गरीब बाईला मदत करा,' असं काही लिहू नका. बाबू गेनूंच्या गावची बाई झाली म्हणून काय झालं? गिऱ्हाइकाने माल चांगला आहे म्हणूनच घ्यावा.

अक्का काय म्हणाली

त्या रात्री जेवणं झाल्यावर अक्काने ते दुपटं मागून घेतलं. चष्मा लावून दिव्याखाली धरलं, उलटंसुलटं केलं, नखाने टाका ओढून पाहिला. आता काय खोट काढते, म्हणून सूनबाई अंग चोरून उभी.

"उलटीकडूनही सारखा आहे," अक्का म्हणाली. मग जरा वेळाने, "माझ्या हातच्या पन्नास-साठ गोधड्या झाल्या असतील. लेकींना दिल्या, भावजयांना दिल्या. दिवस किती लागले ते कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी मोजले नाहीत." आणि सुनेकडे न बघताच, "1,150 म्हणालीस ना? मग तेवढेच सांग. खाली येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून शेजारच्या घरी पाहुण्या आल्या होत्या. त्या दुपटं बघायला आल्या. किंमत विचारली. सूनबाईचा हात पदराकडे गेला, पण ती म्हणाली, "अकराशे पन्नास. नऊ तासांचं काम आहे, ताई." पाहुण्यांनी दुपटं घडी करून परत दिलं. चहा घेतला आणि गेल्या.

झालं! सूनबाईचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं. मीच तर आकडा सांगितला होता. पण संध्याकाळी त्यांचा फोन आला. दुपटं नको होतं, सासूबाई वारल्या त्यांच्या तीन साड्या होत्या. त्यांची गोधडी होईल का, आणि किती पडतील? सूनबाईने फोन कानाशी धरूनच वही उघडली. लेक शेजारी बसून बेरीज करत होती.

एका गोधडीने नर्सिंगची फी भरत नाही, हे मलाही कळतं आणि तिलाही. 40 तासांची गोधडी घरकाम, रानातलं काम सांभाळून महिन्याला एक, फार तर दोन होतील. कांद्याच्या लागणीच्या दिवसांत तेवढीही नाही. म्हणून ज्या महिन्यात रानात जावं लागतं, त्या महिन्याचा वायदाच करायचा नाही, असं आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पण वर्षाकाठी दहा गोधड्या झाल्या, तर मजुरीचेच 20,000 होतात. तेवढे घेऊन घरातल्या 'बघू'समोर बसता येतं.

तर मैत्रिणींनो, आज फार काही करू नका. सध्या हातात जी वस्तू असेल, विणकाम असो, भरतकाम असो की तोरण, तिच्याजवळ एक कागद आणि पेन्सिल ठेवा. सुई हातात घेतली की वेळ लिहा, खाली ठेवली की वेळ लिहा. वस्तू पुरी झाली की बेरीज करा आणि मला कळवा. आकडा बघून दचकाल, पण घाबरू नका. तो आकडा एकदा आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहा. दोन-तीनदा म्हटला की जीभ अडखळत नाही.

पुढच्या खेपेला : जुन्या सुती साड्या गोधडीसाठी धुवायच्या कशा, आणि विरलेलं कापड कामात कसं आणायचं.